बंबाच्या नळकांड्यातली काजळी

वखारीच्या दारात उभे राहून "दहा किलो बंबफोड द्या" म्हणणारे गिऱ्हाईक आता पुणे जिल्ह्यात शोधूनही सापडायचे नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी मात्र हा रोजच्या व्यवहारातला शब्द होता. चुलीचे लाकूड वेगळे आणि बंबाचे वेगळे. चुलीला हातभर लांबीचे सरपण चाले, जळेल तसे ते पुढे सरकवायचे. बंबाच्या तोंडात असले लाकूड मावत नसे, म्हणून वखारवाला कुऱ्हाडीने त्याचे वीतभर लांबीचे, दोन बोटे जाडीचे तुकडे पाडून ठेवी. तेच बंबफोड. बंब गेला आणि त्याच्या पाठोपाठ वखारीच्या पाटीवरचा हा शब्दही गेला.

नव्या पिढीतल्या अनेकांनी बंब पाहिला असेल तो एखाद्या हॉटेलाच्या दाराशी शोभेला ठेवलेला. तांब्याचा उभा, पोटाशी फुगीर पिंप, खाली तीन पाय, बाजूला पितळी तोटी. त्याची खरी कारागिरी आत असते. पिंपाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक नळकांडे गेलेले असते आणि त्याच्या तळाशी जाळी. विस्तव नळकांड्यात, पाणी त्याच्या भोवती. राख जाळीतून खाली पडते आणि त्याच वाटेने हवा वर चढते. जाळाला चहूकडून पाण्याचाच वेढा असल्यामुळे उष्णता भिंतीला, जमिनीला, वाऱ्याला फारशी जात नाही. ढलप्या, गोवरीचे तुकडे, नारळाच्या करवंट्या, कोळसा यांतले काहीही टाका, ओंजळभर जळणात दोन-तीन माणसांच्या आंघोळीचे पाणी निघते. या शब्दाचे मूळ पोर्तुगीज 'बोंबा' म्हणजे पंप या शब्दात सांगतात. आग विझवणारी गाडीही बंब आणि पोटात आग घेऊन बसणारे हे भांडेही बंब, असे मराठीत दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदले.

जाळाची ऊब वाया जाऊ न देण्याचा हाच प्रश्न थंड देशांत वेगळ्या वाटेने सोडवला गेला. तिथे भिंतीतल्या उघड्या शेकोटीत लाकूड जळे आणि बरीचशी ऊब धुराड्यातून आभाळात जाई. म्हणून शेकोटीच्या कोनाड्यात लोखंडी पेटी बसवायची आणि जाळ त्या पेटीत कोंडायचा, ही कल्पना पुढे आली. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने 1740च्या दशकात अशी शेगडी तयार केली आणि 1744 साली तिच्यावर एक पुस्तिकाही काढली. 1796च्या सुमारास काउंट रम्फर्डने शेकोटीचा घसा अरुंद करून धूर नीट वर जाईल अशी रचना मांडली. महाबळेश्वरच्या जुन्या साहेबी बंगल्यांत अशा भिंतीतल्या शेकोट्या आहेत. देशावर मात्र खोली तापवण्याची गरज पौष-माघातल्या चार रात्रींपुरती, आणि तेवढ्याला अंगणातली शेकोटी पुरते. रोज लागते ते आंघोळीचे ऊन पाणी. म्हणून पश्चिमेने धातूची पेटी शेकोटीत बसवली, तर इथल्या माणसाने धातूचे नळकांडे पाण्यात बसवले. दोघांचाही शत्रू एकच होता, काजळी.

या काजळीची आणि ती काढणाऱ्या हातांची हकिगत कोणी फारशी लिहून ठेवलेली नाही. चुली कोणी शोधल्या, शेगड्या कोणी सुधारल्या, याची नावे सापडतात. त्या रोज कोणी घासल्या, राख कोणी उपसली, याची नोंद मिळत नाही. खरे तर विस्तवाचे कुठलेही साधन चालते की बंद पडते, हे ठरते या दुसऱ्या कामावर.

बंबाची देखभाल तीन टप्प्यांत चाले. पहिले काम रोजचे, राखेचे. काल रात्रीची राख जाळीवर बसून राहिली तर खालून हवा शिरत नाही आणि विस्तव नुसता धुमसतो. म्हणून लोखंडी सळईने जाळी खडखडवायची, राख सुपलीत ओढायची आणि आत निखारा जिवंत नाही ना हे उलट्या हाताने अजमावून मगच ती डब्यात टाकायची. दुसरे काम आठवड्याचे. काठीच्या टोकाला काथ्याचा किंवा जुन्या गोणपाटाचा बोळा घट्ट बांधून तो नळकांड्यात वरून खाली फिरवायचा. काजळीचे काळे पापुद्रे खाली पडत आणि हे काम करणारीचे हात कोपरापर्यंत काळे होत. नाकपुड्याही काळ्या. तिसरे काम सणासुदीचे, बाहेरून उजळण्याचे. चिंच भिजत घालायची, तिचा कोळ आणि चिमूट-दोन चिमूट मीठ घेऊन नारळाच्या शेंडीने बंब चोळायचा. काळपट-तपकिरी पडलेले तांबे हाताखाली पाहता पाहता गुलाबी होत जाते. चिंचेतले टार्टारिक आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा थर विरघळवते आणि मीठ त्याला जोर देते. मात्र धुऊन लगेच कोरडे पुसले नाही तर तोटीच्या बेचक्यात हिरवा कळंक धरतो. म्हणून घासणारी बाई पदराने नाही, तर वेगळ्या सुक्या फडक्याने शेवटचा हात फिरवायची.

काजळी काढणे ही टापटिपीची हौस नव्हती. तांबे उष्णता झपाट्याने पुढे देते. काजळी त्याच्या हजारो पट मंद. नळकांड्याला आतून बोटभर थर चढला की लाकूड तेवढेच जळते, पण पाणी तापायला वेळ लागतो आणि घरात बंब "जळण खायला लागला" अशी तक्रार सुरू होते. पाण्याच्या बाजूनेही तसाच थर धरतो. विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे तापत राहिले की पांढरट खार आतून चिकटून बसतो. तो काढायलाही आंबटच लागे: चिंच, नाहीतर लिंबाची टाकून दिलेली सालपटे. ती घालून पाणी उकळायचे आणि रात्रभर तसेच ठेवायचे.

काजळी किती धरणार हे सरपण किती वाळलेले आहे त्यावर ठरते. ओल्या लाकडातला बराचसा जाळ त्यातले पाणी उडवण्यातच खर्च होतो. लाकूड पुरते पेटत नाही, त्यातले डांबरट वायू न जळताच वर जातात आणि नळकांड्याच्या थंड भागावर चिकट थर होऊन बसतात. हा चिकट थर सुक्या काजळीसारखा बोळ्याने निघत नाही, तो खरवडावा लागतो. पावसाळ्याची बेगमी म्हणजे नुसती डाळ-तांदळाची नव्हती. वैशाखात गोवऱ्यांची हुडवी रचून वरून शेणाने लिंपायची, लाकडे पडवीत आडोशाला लावायची, करवंट्या पोत्यात भरून माळ्यावर टाकायच्या. ज्या घरी ही बेगमी चुकली त्या घरी श्रावणात धूर जास्त, खोकला जास्त आणि घासणेही जास्त.

आणखी एक नियम घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असे. आधी पाणी, मग जाळ. बंबात पाणी असेपर्यंत ते उकळून उकळून 100 अंशांच्या आसपास राहते, धातू त्यापुढे फारसा तापत नाही. पाणी संपले की आवर घालणारे कोणी उरत नाही. तोटी ज्या कथील-शिशाच्या डाखाने जोडलेली असते तो डाख 200 अंशांच्या अलीकडेच मऊ पडू लागतो. एकदा कोरडा बंब पेटला की तोटीच्या मुळाशी ठिबक सुरू झालीच म्हणून समजा. मग तो पाठीवर टाकून तांबटाकडे न्यायचा.

तांबट म्हटले की पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या या कारागिरांची वस्ती तिथे वसली आणि हातोड्यांचा नाद आळीची ओळख झाला. तांब्याच्या पत्र्यावर ठोके देत देत त्याला आकार द्यायचा आणि त्याच ठोक्यांनी पृष्ठभागावर चमकदार टिकल्यांची नक्षी उमटवायची, याला मठारकाम म्हणतात. मठारण्याने भांडे दिसायला देखणे होतेच, शिवाय मऊ तांबे ठोकून घट्ट आणि टणक होते. घंगाळे, हंडे, पातेली आणि बंब ही या आळीची मुख्य कमाई. बंब घडवणे त्यातले अवघड काम, कारण त्याला सांधे जास्त आणि प्रत्येक सांधा एका बाजूने पाण्याला, दुसऱ्या बाजूने आगीला तोंड देतो. जुना बंब विकत घेताना जाणकार माणूस बाहेरची चकाकी बघत नसे. झाकण काढून नळकांड्यात हात घाली आणि बोटांनी सांधे चाचपडे.

या आळीतले बंब मावळात पोचत. तिथेच पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या रुळांवर, पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या मधल्या माळावर देहूरोड वसले आहे. पुणे-खंडाळा लोहमार्ग 14 जून 1858 रोजी सुरू झाला. देहू गाव काही किलोमीटर आत, इंद्रायणीकाठी, आणि तुकोबांच्या गावाला जायची वाट म्हणून स्टेशनाचे नाव देहूरोड. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे लष्करी आगारे उभी राहिली आणि माळरानाचे गाव झाले. किन्हई, चिंचोली, मामुर्डी, शेलारवाडी, झेंडेमळा अशी जुनी गावे-वाड्या कटक मंडळाच्या हद्दीत आल्या. आगारातल्या नोकरीसाठी तमिळ, तेलुगू भाषक कुटुंबे मोठ्या संख्येने आली, उत्तरेकडूनही लोक आले. 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते इथल्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना झाली, तेव्हा हे गाव अशाच कामगारांचे होते.

देहूरोडचे विस्तवाशी असलेले नाते इतर गावांपेक्षा निराळे आहे. इथली आगारे दारूगोळ्याचीही, आणि दारूगोळ्याच्या कोठारात काडेपेटी घेऊन जाता येत नाही, हा जगभरचा नियम. फाटकावर खिसे रिकामे करायचे, विडी-काडी तिथेच ठेवायची. म्हणजे ज्या माणसाचा दिवस ठिणगीची धास्ती बाळगण्यात जातो, त्याच्या घरी पहाटे बायको नाहीतर आई अंधारात फुंकणी घेऊन जाळ धरत असे. एका ठिणगीचे भय हे कामाच्या जागेचे, आणि तीच ठिणगी लवकर धरत नाही ही घरची अडचण. पहिल्या पाळीला निघणाऱ्याला पाच वाजता ऊन पाणी हवे असेल, तर बाईला चारला उठावे लागे. त्यातही आदल्या रात्री जाळी साफ केलेली असेल तरच.

इथे आलेल्या प्रत्येक प्रांताने आपापली चूल बरोबर आणली. तमिळ घरचा मातीचा अडुप्पु, मावळातल्या घरची वैल असलेली चूल, उत्तरेकडच्या घरची तंदूर किंवा कोळशाची अंगीठी. आकार निराळे, राख उपसण्याची वेळ मात्र सगळीकडे तीच.

मावळी चुलीचीही निगा अशीच काटेकोर. चूल मातीची, उष्णतेने तिला रोज बारीक तडे जात. रात्रीची भांडी झाली की राख काढून, शेण-मातीचा पातळ काला करून त्यात बुडवलेल्या पोतेऱ्याने चूल सारवायची. सारवण तडे बुजवते, माती धरून ठेवते आणि सकाळी पेटवताना चूल कोरडी, स्वच्छ मिळते. चुलीला जोडून असलेल्या वैलाकडे जाळ वळवणारे भोक राखेने भरले तर आमटी तापतच नाही, म्हणून त्या भोकात रोज बोटे घालावी लागत. पातेले जाळावर ठेवण्याआधी त्याच्या बुडाला बाहेरून ओल्या राखेचा हात फिरवायचा, म्हणजे काजळी राखेवर बसते आणि घासताना राखेबरोबर निघून येते. तव्याच्या बुडाची काजळी कधी आपोआप पेटे आणि लाल ठिपके पळत सुटल्यासारखे दिसत. "तवा हसतोय," म्हणून मुले बघायला धावत. पाहुणा येणार, असे कोणी म्हणे. आणि हीच राख भांडी घासायला. लाकडाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात, ते तेलकटपणा तोडतात. म्हणजे विस्तवाने केलेला मळ काढायला विस्तवाचाच उरलेला भाग कामी येई. ही सांगड बायकांनी शेकडो वर्षे वापरली, प्रयोगशाळेशिवाय.

वर्षातून एकदा चुलीलाही सुटी मिळे. श्रावणातल्या शीतला सप्तमीला आदल्या दिवशीचे शिळे खायचे आणि चूल पेटवायची नाही. बंबाचा मान दिवाळीत. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी न्हाणीघर धुऊन, बंब आणि घंगाळ चिंचेने लखलखीत करून, भोवती रांगोळी काढून पाणी भरून ठेवायचे. पहाटेच्या अभ्यंगस्नानाला धूर न करता, फटकन पेटणारा बंब हवा म्हणून हा खटाटोप. गोव्यात न्हाणीतल्या तांब्याच्या भाणाला याच दिवशी फुलांची माळ आणि कारिटाची वेल बांधतात. सणाची आंघोळ सगळ्यांची, घासण्याचे काम मात्र बहुधा एकाच बाईचे.

या धुराची किंमत देहाने मोजावी लागते, हे विज्ञानाने आधी ओळखले ते पुरुषांच्या देहावरून. लंडनचा शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट याने 1775 साली नोंदवले की धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोशाच्या पिशवीचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण अंगाला चिकटणारी काजळी आहे. एखाद्या धंद्यामुळे कर्करोग होतो, असे दाखवणारी ही पहिली मोठी नोंद. तिथे अरुंद धुराड्यांत चढायला लहान पोरे लागत. 1840 सालच्या कायद्याने त्यांना चढवायला बंदी झाली तरी धंदा चालूच राहिला. 1875 साली जॉर्ज ब्रूस्टर नावाचा पोरगा धुराड्यात अडकून दगावला, तेव्हा कुठे कडक कायदा होऊन ही रीत थांबली. एका पोराच्या मरणाने संसद हलली. स्वयंपाकघरातल्या धुराने डोळे आणि फुप्फुसे गमावणाऱ्या बायकांसाठी तशी कुठली तारीख इतिहासात नाही. भारतातल्या चुलीच्या धुराचे पद्धतशीर मोजमाप समोर यायला 1983 उजाडले. कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर उपकरणे लावून धूर मोजला.

धूर घराबाहेर घालवण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन यांच्या जोडीने तिथे चुलीवरही काम झाले आणि 1947च्या सुमारास धुराडे असलेली मगन चूल पुढे आली. मगनवाडीप्रमाणेच तिचेही नाव मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ. 1953 साली हैदराबादच्या डॉ. एस. पी. राजू यांनीही बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहून आपली चूल मांडली. पुढे 1980च्या दशकात केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. 2002 साली तो आटोपता घेतला तोवर देशात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बांधल्याची मोजदाद झाली होती.

मोजदाद बांधलेल्या चुलींची झाली. सिमेंटचे किंवा पत्र्याचे धुराडे छपरातून वर काढले की कार्यक्रमाच्या लेखी काम संपले. घरातल्या बाईच्या लेखी मात्र तिथून सुरू झाले. धुराडे दोन-चार महिन्यांत काजळीने भरते. ते साफ करायचे तर कौलांवर चढायला हवे. कौले फुटतात, पाय घसरतो आणि साडी नेसलेली बाई छपरावर चढलेली गावाला चालत नाही. नवऱ्याने चढावे तर त्याला धूर लागतच नाही, तो स्वयंपाकाच्या वेळी बाहेर असतो. धुराडे तुंबले की धूर पुन्हा घरात, आणि आता आधीपेक्षा जास्त, कारण चुलीचे तोंड धुराड्याच्या ओढीच्या हिशेबाने लहान केलेले. मग एके दिवशी घरची माणसे ती चूल फोडतात आणि जुनीच तीन दगडांची मांडतात. सरकारी भाषेत याला लाभार्थीची उदासीनता म्हणतात. उदासीनता आराखडा काढणाऱ्यांची होती असे म्हणायला हवे. घासणारा हात कुठून पोचणार, याचा त्यांनी विचारच केला नव्हता.

हे नेमके ओळखणारे काम पुण्यात झाले. डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 साली सुरू केलेल्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने सुधारित चुलींवर वर्षानुवर्षे काम केले, साच्यातून घडवायची लक्ष्मी चूल गावोगावच्या कारागिरांना शिकवली आणि उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या पद्धतीसाठी 2002 साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळवला. याच संस्थेबरोबर काम करून फिलिप्सच्या आरेखन विभागाने एक चूल तयार केली. तिला 2009 साली डेन्मार्कचा इंडेक्स पुरस्कार मिळाला. तिच्या धुराड्यात खाचा असलेल्या मातीच्या फरशा सरकवून बसवल्या होत्या. काजळी या फरशांवर अडकायची. आणि त्या फरशा घरात उभे राहून, छपरावर न चढता, ओढून काढता आणि झाडता यायच्या. बाकी सगळे वैशिष्ट्य बाजूला ठेवले तरी ही एक गोष्ट डोक्यावर घेण्यासारखी आहे. चुलीच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदाच आराखडा काढणाऱ्याने आधी विचारले की ही साफ कोण करणार आणि कुठे उभी राहून.

याच प्रश्नाला ओडिशातल्या एका मोठ्या अभ्यासाने आकड्यांची जोड दिली. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना यांनी तिथल्या खेड्यांत बसवलेल्या धुराड्याच्या चुलींचा अनेक वर्षे मागोवा घेतला. पहिल्या वर्षी बाईच्या श्वासातला धूर घटला. पुढे फरक दिसेनासा झाला, कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची दुरुस्ती, सफाईही झाली नाही.

तोवर शहरालगतच्या घरांनी दुसरीच वाट धरली होती. 1955च्या सुमारास मुंबईत सिलिंडरचा गॅस आला. पुढच्या तीन दशकांत तो हळूहळू पुणे-लोणावळा पट्ट्यात पसरला. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ झाले, पिंपरी-भोसरीच्या माळावर कारखाने उभे राहिले, 1982 साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. चाळीची जागा सदनिकेने घेतली आणि सदनिकेच्या न्हाणीघरात बंबाला जागाच नव्हती. ना परसू, ना धूर जायला वाट. बंद खोलीत निखारा पेटता ठेवला तर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. हे ओळखून बंब दाराबाहेर गेला ते बरेच झाले. त्याची जागा विजेच्या गीझरने घेतली, आणि आज रॅकोल्ड नावाचे गीझर चाकणजवळच्याच कारखान्यात तयार होतात. तांबट आळीतून निघून मावळात पोचणारे गरम पाण्याचे साधन आता चाकणहून निघून देशभर जाते.

गीझर उघडला की आत तेच दिसते. तापणाऱ्या कांबीवर पांढरट खार, बोटभर जाड, बंबाच्या पोटात धरायचा तसाच. फरक एवढाच की आता तो काढायला वर्षाकाठी मिस्त्री येतो, पावती देतो आणि पैसे घेतो. घरातली बाई हेच काम चिंचेने फुकट करत होती तेव्हा कोणी ते काम म्हणून मोजले नाही.

बंब मात्र मोडीत निघाले. चिखली-कुदळवाडीच्या भंगार बाजारात जुने तांबे विकायला जाई तेव्हा भंगारवाला आधी पितळी तोटी पिळून वेगळी काढी, कारण पितळेचा भाव निराळा. मग नळकांड्यात हातोड्याचा दांडा घालून आपटे. पन्नास वर्षांची काजळी खाली पडून वजन कमी होते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

लाकूड जाळणे संपले मात्र नाही. औद्योगिक पट्ट्यात माल ज्या लाकडी पॅलेटवर येतो त्यांच्या तुटक्या फळ्या जळण म्हणून सहज हाती लागतात. परदेशी मालाच्या पॅलेटवर शिक्का असतो. एचटी असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने. दुसरी फळी चुलीत घालायची नसते, रंगवलेलीही नाही. शिक्के इंग्रजीत आणि चूल पेटवणारा माणूस बिहारचा किंवा मराठवाड्याचा. कारखान्याच्या भंगार कोठीवर एक चित्र लावले तरी पुष्कळ धूर टळेल. मुंबईत जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनाकडे वळायला सांगितले. त्या भट्ट्यांची धुराडी उपसणाऱ्या माणसांची चर्चा तेव्हाही फारशी झाली नाही.

ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघून चिंचोली, देहूरोड, निगडी करत आकुर्डीला मुक्कामाला जाते तेव्हा रस्त्याच्या कडेला पुन्हा दगडांची चुलवणे मांडली जातात. पिठले-भाकरीच्या पंगती उठतात आणि दिंड्या पुढे सरकतात. दुसऱ्या दिवशी पावसाची सर येण्याआधी कोणीतरी खराटा आणि घमेले घेऊन काळे दगड बाजूला करते, ओली राख खरवडून काढते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर 'चुलीवरची मिसळ', 'चुलीवरचे मटण' अशा पाट्या आता बारमाही आहेत. गिऱ्हाईक गाडी लावते, जाळाचा फोटो काढते, जेवून जाते. रात्री अकराच्या पुढे शटर अर्धे ओढले की आतली बाई बादलीत पाणी घेते. निखाऱ्यांवर ते थेट ओतायचे नाही, चूल तडकते. ती आधी निखारे चिमट्याने एकेक करून घमेल्यात काढते, मग कोमट राख सुपलीत ओढते, वैलाच्या भोकात दोन बोटे फिरवते आणि पोतेरे पिळून चुलीच्या तोंडापासून सारवायला सुरुवात करते.